रोझविताचं दुखणं आणि नेगेलेबाईंचा जिना

ट्युबिंगन, ९ फेब्रुवारी

इर्मेला,

नावाआधी कोणतं विशेषण लावावं यावर मी अर्धा तास घालवला. 'प्रिय' लिहिलं तर रागावशील, 'आदरणीय' लिहिलं तर हसशील. तेव्हा ती जागा मोकळी सोडली आहे. तुझं तू भर.

आज मला एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तू हे घर सोडून हूसुमला गेलीस त्याला आता सोळा महिने झाले. नंतर ट्रक पाठवून तू पियानो नेलास, मी बोललो नाही. आजीचं कपाट नेलंस, तेही गिळलं. पण त्याच ट्रकमधून या घरातलं एकमेव ओगराळं निघून गेलं, हे मला काल समजलं, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. नैयायिकांनी घटाच्या अभावावर पोथ्यांमागून पोथ्या लिहिल्या. ओगराळ्याच्या अभावावर कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण त्यांच्या बायका ओगराळी घेऊन उत्तर समुद्राकाठी राहायला गेल्या नव्हत्या.

ते परत पाठव. मला मसुराचं सूप करायचं आहे.

रोझविता मजेत आहे. तेरा वर्षांच्या, बुटक्या पायांच्या आणि लांब अंगाच्या कुत्रीने जितकं मजेत असावं तितकी आहे. तू जाताना घातलेलं एकुलतं एक कलम मला पाठ आहे: 'तिला काही झालं आणि तू मला कळवलं नाहीस, तर मी येऊन तिला घेऊन जाईन.' कळवण्याजोगं काही नाही, म्हणून कळवत नाही.

सहज, निव्वळ शास्त्रीय जिज्ञासेपोटी विचारतो: तू असताना ती दिवसातून किती वेळा बाहेर जायची?

राइनहोल्ड


ट्युबिंगन, २४ फेब्रुवारी

इर्मेला,

तुझं कार्ड मिळालं. सोळा महिन्यांत तुझ्याकडून आलेली ही पहिली तीन वाक्यं: 'ओगराळं माझ्या आईचं आहे. तुला सूप करता येत नाही. रोझविताला काय झालंय?' अर्धी मात्रा वाचली की सूत्रकारांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं आम्हाला शिकवलं होतं. तुला जुळं झालं असणार.

काही झालेलं नाही. जराशी सर्दी आहे.

ओगराळं मी बाजारातून नवीन आणलं. चपटं आणलं, लांब दांड्याचं. दुकानदारीण म्हणाली, "सुपाला हे उपयोगाचं नाही हो, खोलगट घ्या." मी म्हटलं, "खोलगट खाली जात नाही." "कशाखाली?" तिने विचारलं. मी पैसे देऊन बाहेर पडलो.

तुलाही आता तोच प्रश्न पडला असेल, तेव्हा सांगूनच टाकतो. परवा सकाळी सात वाजता नेकार नदीच्या बेटावरच्या त्या झाडांच्या रांगेत मी हातात ओगराळं धरून, कमरेत वाकून, नऊ किलोच्या एका कुत्रीमागे चालत होतो. ती थांबली की मी थांबायचो. मी थांबलो की ती वळून बघायची आणि पुढे चालू लागायची. तिच्या पोटाखाली अवघी चार बोटं जागा, आणि त्या चार बोटांत, नेमक्या क्षणी, मधल्या धारेचा नमुना धरायचा. पहिली धार नको, शेवटची नको, मधलीच हवी. मध्यममार्ग इतका अवघड असेल असं तो सांगणाऱ्यांनाही वाटलं नसेल.

तिसऱ्या बाकाजवळ माझे निवृत्त विभागप्रमुख भेटले. चाळीस वर्षं भारतीय हस्तलिखितं तपासलेला माणूस, कुणीही वाकलेला दिसला की पान हरवलंय असंच त्यांना वाटतं.

"वुर्स्टर, काय शोधताय?"

"नमुना, सर."

"कुठल्या पोथीचा?"

"पोथीचा नाही. द्रवरूप आहे."

त्यांनी टोपी उचलली आणि नदीच्या दुसऱ्या बाजूने घरी गेले.

सर्दीसाठी लघवीचा नमुना कशाला लागतो, असं तू विचारशील. आधुनिक वैद्यक विचित्र आहे, एवढंच म्हणतो.

रा.


ट्युबिंगन, ३१ मार्च

इर्मेला,

'सर्दी नाकाला होते, राइनहोल्ड.'

हे तुझं संपूर्ण कार्ड. मागे दीपगृहाचं चित्र आहे. चित्र छान आहे.

ठीक. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे. आपल्या वैद्यकात याला मूत्रकृच्छ्र म्हणतात ('आपल्या' म्हणजे माझ्या, तू दात खाऊ नकोस). थेंब थेंब होते, वारंवार बसते, आणि बसल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघते की जणू नळाची तक्रार माझ्याकडेच करायची असते. कळवण्याचं कलम मी पाळलं आहे, ही नोंद घे. उशिरा, पण पाळलं आहे. आणि हे दुसऱ्यांदा झालं आहे, हेही सांगतो, म्हणजे तुला कुणाकडून तरी कळायला नको.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आता आयदन नावाच्या तरुण डॉक्टरबाई आहेत. नाव तुर्की, पण इथेच जन्मल्या, इथेच वाढल्या, आणि माझ्यापेक्षा ठसकेदार अशी इथली श्वाबी बोली बोलतात. त्यांच्याशी झालेला संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण त्यात माझी बाजू सुंदर दिसेल अशी एकही दुरुस्ती मला सुचली नाही.

"मागच्या गोळ्या किती दिवस दिल्यात, वुर्स्टरसाहेब?"

"बरी वाटेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"पाच दिवस."

"मी दहा दिवसांच्या दिल्या होत्या. उरलेल्या कुठे आहेत?"

"डबीत."

"कसल्या डबीत?"

"बटणांच्या. चांगल्या गोळ्या टाकवेनात. म्हटलं, पुढच्या वेळेला उपयोगी पडतील."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ठेवल्यात म्हणूनच पुढची वेळ आली! अर्धे जंतू मेले, उरलेले शहाणे झाले. माझे वडील पस्तीस वर्षं या गावात राहून अगदी तुमच्यासारखे झालेत. तेही उरलेल्या गोळ्या जपतात. पण निदान स्वतःच्या स्वतः तरी खातात."

रोझविताने टेबलावर शेपूट आपटली. ती कोणाच्या बाजूची आहे हे मला तेव्हाच समजलं.

मग त्यांनी विचारलं, "एकावेळी किती तास तुंबवून धरते ही?"

"चार तास," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. मग रोझविताकडे बघितलं, जणू ती आता साक्षीला उभी राहणार.

दहाही दिवस गोळ्या देतो आहे. यकृताच्या सॉसेजमध्ये खुपसून. ती सॉसेज खाते आणि गोळी गालिच्याखाली ठेवते. म्हणजे साठवण्याची सवय तिलाही लागली आहे. मग मी ती गोळी काढतो आणि पुन्हा नव्याने आरंभ होतो.

तू असताना ती कधी अशी आजारी पडली नव्हती. तू काय वेगळं करत होतीस? हा प्रश्न मी नम्रपणे विचारत आहे, आणि मला नम्रता फारशी जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

रा.


ट्युबिंगन, १२ मे

इर्मेला,

'गरज असेल तेव्हा ती बाहेर जायची. एवढंच.'

तुझं हे कार्ड महिनाभर माझ्या टेबलावर आहे. आधी वाटलं, हे काय उत्तर झालं? आता वाटतं, सगळ्या टीका-भाष्यांचं सार याच्यातच होतं, मला वाचता आलं नाही.

गोळ्या पूर्ण दिल्या. तपासणी केली, लघवी स्वच्छ. आयदनबाईंनी पोटावर यंत्र फिरवून बघितलं, खडा नाही, गाठ नाही, मूत्राशय अगदी छान. मी दोघांसाठी केक आणला. तीन आठवड्यांनी पुन्हा थेंब थेंब.

या वेळी बाईंनी ओगराळ्यावर विश्वास ठेवला नाही. पोटातून सुई घालून थेट नमुना काढला. रोझविता हलली नाही. मी बाहेर जाऊन खुर्चीवर बसलो. मग त्या म्हणाल्या, "एक वही ठेवा. पाणी कधी प्यायली, बाहेर कधी गेली, सगळं वेळेसकट. आणि खरं लिहा हं."

वही ठेवणं हा माझा पोटाचाच धंदा. मी तीन रंगांच्या शाईने ती लिहिली. मागच्या आजारपणांच्या तारखाही भरल्या. त्या भरताना मला कळलं की आता ही वही तुला दाखवता येणार नाही. म्हणून दाखवतो: नोव्हेंबर अखेर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, मे. पाच वेळा, इर्मेला. तुला मी दोन सांगितली.

आता अन्वय-व्यतिरेक. जिथे धूर तिथे अग्नी. अग्नी नाही तिथे धूर नाही. मी वही पुढ्यात घेऊन बसलो आणि विचारलं, या पाच वेळांच्या आधी असं काय असायचं जे एरवी नसतं? हवा तपासली, खाणं तपासलं. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं, ज्याच्यावर जिन्याची पाटी कोणाच्या दारावर आहे ते मी लिहून ठेवतो.

पाटीचा कारभार तुला सांगायला नको. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा तो झाडलोटीचा आठवडा, आणि त्या आठवड्यात त्याच्या अब्रूचं मोजमाप जिन्यावर होतं. पण तू गेल्यानंतर एक फेरबदल झाला आहे. मधल्या मजल्यावरचे विद्यार्थी 'पुसत नाहीत, नुसतं ओलं फिरवतात' असा निकाल तळमजल्यावरच्या नेगेलेबाईंनी दिला आणि गेल्या शरदापासून त्यांची पाळीही स्वतःकडे घेतली. एकोणऐंशी वर्षांची बाई. तीनपैकी दोन आठवडे तो जिना आता त्यांचा असतो. आणि त्या रोज दोनदा पुसतात. सकाळी साडेसहाला आणि दुपारी चारला, बादली भरून. तो जुना दगड, थंडीत वाळायला चार-चार तास लागतात.

पाचही वेळा आजार त्यांच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आला आहे. माझ्या आठवड्यात एकदाही नाही.

काकतालीय न्याय म्हणून सोडून देता आलं असतं. पण मला माहीत होतं, इर्मेला. वही ठेवायच्या आधीपासून कुठेतरी माहीत होतं.

ग्रंथालयात मी अकराला जातो. अकराला जिना वाळलेला असतो. ओल्या जिन्यावर पाय टाकायला नको म्हणून मी अकरापर्यंत थांबतो, आणि माझ्याबरोबर ती थांबते. रात्री नऊला शेवटची बाहेर गेलेली. चौदा तास होतात. बाईंना सांगितलेल्या चारात मी दहा गिळले होते. चारच्या आत परत येतो, चारनंतर जिना पुन्हा ओला, म्हणून आठपर्यंत बसून राहतो.

ती दाराशी बसते. भुंकत नाही. तू तिला शिकवलंस तसं एक पंजा दाराला लावते.

तिला उचलून नेता आलं असतं. नऊ किलो म्हणजे काही ओझं नाही. पण पाय माझे उमटले असते ना.

तुझी पावलं मला आठवतात. तू ओल्या जिन्यावरून ताड ताड जायचीस आणि मी वरून म्हणायचो, "अगं, नेगेलेबाई काय म्हणतील?" तू म्हणायचीस, "म्हणू दे की!" आणि कुत्री तुझ्या मागे उड्या मारत.

हे सगळं मी आयदनबाईंना सांगितलं. त्यांनी वही चाळली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही मध्ये कितीदा बाथरूमला जाऊन आलात?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते वहीत लिहिलं.

रा.


ट्युबिंगन, ३ जून

इर्मेला,

तुझं काहीच आलं नाही. दीपगृहसुद्धा नाही. तरी लिहितो, कारण घडलेलं सांगायला इथे दुसरं कोणी नाही, आणि रोझविता तिथे हजर होती.

मी नेगेलेबाईंकडे गेलो. बावीस वर्षांत त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. हातात बिहीच्या फळांच्या मुरंब्याची बाटली घेतली, तीही त्यांनीच तुला दिलेली होती, हे दारात उभं राहिल्यावर लक्षात आलं. लेबलावर त्यांचं अक्षर.

"नेगेलेबाई, जिन्याबद्दल जरा बोलायचं होतं."

त्यांचा चेहरा पडला. "राहिला ना? तिसऱ्या पायरीचा कोपरा? मला ठाऊकच होतं हो. डोळ्यांना आता पूर्वीसारखं दिसत नाही."

"नाही, नाही. जिना स्वच्छ आहे. फारच स्वच्छ आहे."

"फारच म्हणजे?" त्या ताठ झाल्या. "फारच म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?"

मग मी सांगितलं. ओलावा, अकरा वाजेपर्यंत थांबणं, पंजा, लघवी, पाच वेळा. उभ्या उभ्या सांगितलं. रोझविता मध्येच त्यांच्या स्वयंपाकघरात निघून गेली.

"म्हणजे ती बिचारी आतून दार धरून बसायची?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही."

"का पण?"

"पावलं उमटतात. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

नेगेलेबाई खुर्चीत बसल्या. "अहो, मी दोनदा कशाला पुसते ठाऊक आहे का? मंडळी गेल्यापासून तुम्ही रोज सकाळी दार किलकिलं करता, मान बाहेर काढता आणि वरून पायरी न् पायरी निरखून बघता. एकदा नाही, चार-चारदा! मला वाटलं, साहेबांना माझं पुसणं पसंत नाही. वय झालं म्हातारीचं, असं म्हणत असतील. म्हणून दुपारचंही सुरू केलं."

"मी वाळलाय का ते बघत होतो."

"आणि मी तुम्हाला दिसावं म्हणून जास्त पाणी घालत होते!"

विद्यार्थी जिन्यावरून धाड धाड खाली गेले. ओल्या जिन्यावरून. आम्हा दोघांपैकी कोणी त्यांना हटकलं नाही.

"गुडघे गेले हो माझे," त्या म्हणाल्या.

मग उठल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. दुपारचं पुसणं आजपासून बंद. सकाळी सातला रोझविताला खाली आणायचं, त्यांच्या स्वयंपाकघरातून मागच्या बागेत सोडायचं. जिना कसाही असला तरी. "आणि बूटबीट काढून हातात धरून येऊ नका, शोभत नाही."

निघताना त्यांनी मुरंब्याची बाटली परत माझ्या हातात दिली आणि दार लोटता लोटता म्हणाल्या, "त्या शनिवारीही मीच पुसला होता ना जिना? इर्मेला गेली तेव्हा?"

"हो."

"खाली सगळं ऐकू आलं मला. बायको दोन बॅगा घेऊन दारात उभी, चोवीस वर्षांचा संसार, आणि नवरा काय म्हणतो? 'थांब, जिना ओला आहे.'" त्यांनी मान हलवली. "इतकं शिकून असं कुणी म्हणतं का हो?"

मी वर आलो. रोझविता खालीच राहिली. बागेत गुलाबांखाली ती बराच वेळ, सविस्तर, कोणाचीही पर्वा न करता बसली होती. मी खिडकीतून बघितलं. वहीत वेळ लिहिली.

रा.


ट्युबिंगन, १८ जून

इर्मेला,

तुझं कार्ड आलं. 'पाच झाली. तू दोन कळवलीस. कलम तुला पाठ आहे. २७ ला, शनिवारी, अकराच्या गाडीने येते.'

निकाल मान्य आहे. माझ्या बाजूने मांडण्यासारखा उत्तरपक्ष नाही.

ती बरी आहे. दोन तपासण्या स्वच्छ आल्या. आयदनबाई म्हणतात, या वयात पुन्हा होणार नाही असं कुणी लिहून देणार नाही; पाणी भरपूर, बाहेर वरचेवर, आणि लक्षण दिसलं की लगेच नमुना. मी विचारलं, अशा कुत्रीला कसं घर चांगलं? त्या म्हणाल्या, "जिथे जिना नाही आणि दार उघडलं की गवत." तुझ्याविषयी त्यांना काही माहीत नाही, तेव्हा हे मत निःपक्षपाती समजायला हरकत नाही. तुझ्या घराला जिना नाही. गवत तर समुद्रापर्यंत आहे, दीपगृहाच्या चित्रात दिसतं.

तिची पिशवी भरून ठेवली आहे. वही आहे, तीन शायांची. हिरवी म्हणजे पाणी. गोळी सॉसेजमध्ये घालू नकोस, चीजमध्ये घाल, चीज ती चावत नाही. गालिच्याखाली तरी बघत जा. चपटं ओगराळंही तुला देतो आहे, तुझ्या आईच्या ओगराळ्याला जोडीदार म्हणून. त्याने सूप वाढू नकोस.

नेगेलेबाईंना मी सांगायला गेलो की २७ ला जिना पुसू नका, इर्मेला येते आहे. त्या म्हणाल्या, "माझा आठवडा, त्यात शनिवार, आणि पाहुणी येणार, आणि जिना पुसायचा नाही? लोक काय म्हणतील!" मी वाद घातला. हरलो. म्हणजे तू येशील तेव्हा जिना ओला असेल. सरळ तुडवत ये.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं आहे. तू बॅगा घेऊन उभी होतीस. जिना वाळायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. तेवढ्या वेळात काहीतरी सुचेल असं मला वाटलं. म्हणून 'थांब' म्हणालो. तू थांबली असतीस तरी काही सुचलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण वाक्यातला महत्त्वाचा शब्द पहिला होता.

रोझविताची मला काळजी वाटत नाही. ती तुझ्याकडे गवतात बसेल. काळजी वाटते ती अशी: २७ ला तू दारात उभी राहशील, तिचा पट्टा तुझ्या हातात असेल, मी आता नऊ दिवस तालीम करून एखादं नीट वाक्य जुळवलेलं असेल, आणि तोंड उघडल्यावर माझ्याकडून पुन्हा तेच जाईल, की थांब, जिना ओला आहे.

राइनहोल्ड